वेगाविना कौशल्य : चाकण परिसरातील ‘फोर बाय फोर’ सराव-दिवसाची आखणी

पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा मोटारनिर्मितीसाठी देशभर ओळखला जात असला, तरी येथील रस्त्यांवर दिसणाऱ्या उंच बांध्याच्या बहुसंख्य गाड्यांत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. आणि ज्या थोड्या गाड्यांत ती चारही चाकांना देण्याची सोय असते, त्यांतील गिअरच्या दांड्याशेजारचा आखूड दांडा पुष्कळदा गाडी विकली जाईपर्यंत जागचा हलत नाही. महिंद्र कंपनीने १९४७ साली विलीज जीपची जोडणी सुरू केल्यापासून १९९८ मध्ये बाजारात आलेली पिंपरीची टाटा सफारी, आकुर्डीच्या फोर्स मोटर्सची गुरखा आणि आजची थार असा या वाहनांचा वारसा महाराष्ट्राशी जवळून जोडलेला आहे. मात्र गाडीसोबत ती चालवण्याचे कसबही मिळते, असा समज जाहिरातींनी रूढ केला आहे. तो दूर करण्याचे सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित साधन म्हणजे क्लबने सभासदांसाठी भरवलेला मैत्रीपूर्ण सराव-दिवस होय. अशा दिवसाची आखणी कशी करावी, त्यात सहभागी होणाऱ्याने कोणती तयारी करावी आणि प्रत्येक टप्प्यावर नेमके काय शिकावे, याचे विवेचन येथे केले आहे.

स्पर्धा नव्हे, सराव

खडतर वाटेवर गाडी चालवण्याचे, म्हणजे ‘ऑफ-रोडिंग’चे, दोन स्वतंत्र प्रकार मानावे लागतात. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१४ पासून गोव्यात भर पावसाळ्यात भरू लागलेल्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’सारख्या स्पर्धांत घड्याळ, गुण आणि क्रमांक असतात, तेथे उतरणाऱ्या गाड्यांत विंच, म्हणजे तारेने वा दोराने गाडी ओढून काढणारे यंत्र, तसेच उलटल्यास चालकाला वाचवणारा पोलादी पिंजरा बसवलेला असतो, आणि गाडीचे नुकसान होणार हे गृहीतच धरलेले असते. सराव-दिवसाचा हेतू याच्या नेमका उलट आहे. रोजच्या वापरातली गाडी सकाळी घरून निघावी, तिने दिवसभर ठरावीक अडथळे पार करावेत आणि संध्याकाळी त्याच अवस्थेत घरी परतावी, ही त्याची पहिली अट असते. अशा प्रशिक्षणाची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. इगतपुरीजवळ महिंद्र कंपनीने केवळ याच कामासाठी प्रशिक्षण केंद्र उभारले आहे. क्लबला तेवढी साधने जुळवता येणार नसली, तरी सोप्याकडून कठीणाकडे जाणारे टप्पे, प्रत्येक टप्प्यावर एक जाणता मार्गदर्शक आणि कोणत्याही चालकाला ‘हा अडथळा नको’ असे म्हणण्याची मोकळीक, ही तीन तत्त्वे कोणत्याही क्लबला पाळता येतात.

जागा, संमती आणि कायदा

सराव-दिवसाचे यश अडथळ्यांपेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते. खेड आणि मावळ तालुक्यांत माळरान, मुरमाड उतार आणि ओढ्यांचे काठ मुबलक दिसत असले, तरी दिसायला मोकळी असलेली जमीन वापरायलाही मोकळी असते असे नाही. गायरान ही शासकीय मालकीची चराईची जमीन असते, राखीव वनात परवानगीवाचून शिरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा ठरतो, आणि भीमाशंकर अभयारण्याच्या परिसरात तर वन्यजीव संरक्षणाचे अधिक कडक निर्बंध लागू होतात. भंडारा आणि भामचंद्र हे डोंगर संत तुकाराम महाराजांच्या साधनेशी निगडित असल्याने वारकरी समाजाला ते पूजनीय आहेत. त्यांच्या पायथ्याशी किंवा उतारांवर असा उपक्रम घेणे कायद्याच्या आधी औचित्यालाच सोडून होईल. बंद पडलेल्या दगडखाणीही टाळाव्यात, कारण त्यांचे कडे ढासळण्याचा धोका असतो आणि तळाशी साचलेल्या पाण्याची खोली वरून कळत नाही. म्हणून खासगी मालकीची जमीन निवडून, सातबारा उताऱ्यावर ज्यांची नावे आहेत त्या सर्वांची लेखी संमती घेणे हाच निर्धोक मार्ग होय. एका भावाने तोंडी होकार दिला आणि दुसऱ्याने आयत्या वेळी गाड्या अडवल्या, असा प्रसंग सामाईक जमिनीवर सहज उद्भवू शकतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीवाचून सार्वजनिक ठिकाणी वाहनांची शर्यत किंवा वेगचाचणी घेण्यास मनाई आहे, आणि ‘सार्वजनिक ठिकाण’ या संज्ञेत केवळ रस्ताच नव्हे तर लोकांना जाण्या-येण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा येते. सराव-दिवसात वेळ मोजायचा नसतो आणि एका वेळी एका टप्प्यावर एकच गाडी असते. हे वैशिष्ट्य सुरक्षिततेइतकेच कायद्याच्या दृष्टीनेही जपावे लागते. चाकण आणि म्हाळुंगे ही पोलीस ठाणी १५ ऑगस्ट २०१८ रोजी अस्तित्वात आलेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या कक्षेत येतात. ज्या ठाण्याच्या हद्दीत जागा असेल तेथे, तसेच ग्रामपंचायतीकडे, उपक्रमाचे स्वरूप सांगणारे पत्र आधीच द्यावे.

विम्याचा मुद्दा याहूनही अधिक दुर्लक्षित राहतो. भारतातील मोटार विम्याच्या दस्तऐवजात ‘वापराच्या मर्यादा’ या शीर्षकाखाली आयोजित शर्यत, वेगचाचणी आणि वाहनाच्या टिकाऊपणाची कसोटी हे प्रकार सामान्यतः संरक्षणातून वगळलेले असतात. सराव-दिवस यांपैकी कशातही मोडत नाही असे आयोजकांचे मत असले, तरी दावा मंजूर करणे विमा कंपनीच्या हाती असल्यामुळे प्रत्येक सभासदाने आपला दस्तऐवज वाचून कंपनीला लेखी विचारणा करावी, आणि आयोजकांनी निमंत्रणपत्रातच ‘स्पर्धा’, ‘विजेता’ यांसारखे शब्द टाळावेत.

हंगाम आणि वार

येथील जमीन बेसाल्ट या काळ्या ज्वालामुखीजन्य खडकापासून बनली आहे. त्याची अर्धवट झीज होऊन मुरूम तयार होतो आणि पूर्ण झीज होऊन काळी माती. यांतील मुरूम पाणी झिरपू देतो व ओला असतानाही चाकाला पकड देतो, तर काळी माती पाण्याने फुगते, चिकट होते आणि वाळल्यावर आकसून तिला भेगा पडतात. जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीत गाड्या घालणे नवशिक्यांसाठी अवघड असतेच, शिवाय गवताचा थर उखडून चाकोऱ्या पडल्या की त्यांतूनच पाणी वाहू लागते आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत तेथे घळ तयार होते. मार्चनंतर वाळलेले गवत आणि गाडीखालचा तापलेला धुराडा यांच्यामुळे वणव्याचा धोका वाढतो. त्यामुळे पाऊस ओसरल्यानंतरचा, पण जमिनीत किंचित ओल टिकून असलेला ऑक्टोबर-नोव्हेंबरचा काळ पहिल्या सराव-दिवसासाठी सर्वांत योग्य ठरतो; मात्र शेजारच्या शेतांत पीक उभे असल्यास गाड्या बांधावरून नेण्याचा मोह आवरावा.

वार ठरवताना औद्योगिक वेळापत्रकही ध्यानात घ्यावे लागते. या पट्ट्यातील अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असल्याने रविवारचा उपक्रम कामगार-सभासदांना गैरसोयीचा ठरू शकतो. कोणताही वार निवडला, तरी चाकण चौकात आणि तळेगाव-चाकण मार्गावर पाळी सुटण्याच्या वेळी होणारी कोंडी टाळून गाड्यांनी लहान गटांनी निघावे. वीस गाड्यांचा सलग ताफा महामार्गावर इतरांची वाट अडवतो आणि क्लबचे नावही खराब करतो.

वाहनाची तपासणी

सहभागी होणाऱ्या प्रत्येक वाहनाला पुढे आणि मागे टोचन करण्यासाठी भक्कम हूक असणे अनिवार्य मानावे. वाहतुकीच्या वेळी गाडी ट्रकवर बांधून ठेवण्यासाठी दिलेली पातळ कडी आणि ओढण्यासाठी दिलेला हूक या दोन वेगळ्या गोष्टी असून, रुतलेल्या गाडीचा भार पहिलीला पेलत नाही. बॅटरी घट्ट बसलेली असावी, तेलगळती नसावी, सुटे जॅक आणि पाने बांधून ठेवावेत, आणि पाण्याच्या बाटल्या चालकाच्या पायाशी ठेवू नयेत, कारण उतारावर घरंगळलेली बाटली ब्रेकखाली अडकल्यास अपघात अटळ असतो. मोठ्या मापाची चाके किंवा उंची वाढवणारे बदल केलेल्या गाड्यांबाबत मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ ची जाणीव सभासदांना करून द्यावी. नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलाशी विसंगत बदल करण्यास त्यानुसार मनाई आहे.

वाहनांची विभागणी क्षमतेनुसार करावी. ज्या गाडीत ‘ट्रान्सफर केस’, म्हणजे शक्ती पुढच्या व मागच्या आसांत वाटणारी पेटी, आणि तिच्यात ‘लो रेंज’ असते, तिला चाकांपर्यंत पोहोचणारा जोर सुमारे दोन ते अडीच पट वाढवून तितक्याच प्रमाणात वेग कमी करता येतो. केवळ ‘ऑल-व्हील-ड्राइव्ह’ असलेल्या गाड्यांत ही सोय बहुधा नसते. त्यांना तीव्र चढ आणि खोल चाकोऱ्यांचे टप्पे देऊ नयेत.

चढ आणि खड्ड्यांची आखणी करताना तीन कोन मोजावे लागतात : पुढचा बंपर न टेकता चढाला भिडता येईल तो प्रवेशकोन, मागचा बंपर न घासता उतरता येईल तो निर्गमकोन, आणि उंचवट्यावरून जाताना गाडीचे पोट टेकणार नाही तो मध्यकोन. २०२० च्या थारसाठी हे कोन अनुक्रमे ४१.८, ३६.८ आणि २७ अंश असून जमिनीपासूनची उंची २२६ मिलिमीटर आहे. मध्यकोन दोन आसांमधील अंतरावर अवलंबून असतो. थारमध्ये ते अंतर २४५० मिलिमीटर, तर २०२४ मध्ये आलेल्या पाचदारी थार रॉक्समध्ये २८५० मिलिमीटर असल्यामुळे एकाच घराण्यातल्या दोन गाड्यांपैकी एक ज्या वरंब्यावरून सहज जाते, त्यावर दुसरी पोटावर बसू शकते. म्हणून अडथळा नेहमी आलेल्या गाड्यांतील सर्वांत कमी क्षमतेच्या गाडीला बेतून रचावा.

स्पॉटर आणि त्याची भाषा

चालकाला आपली चारही चाके दिसत नाहीत. ती पाहून त्याला दिशा देणाऱ्या, गाडीबाहेर उभ्या असलेल्या व्यक्तीला ‘स्पॉटर’ म्हणतात. एका गाडीला एकच स्पॉटर, हा नियम सकाळच्या सूचनांत सर्वांत आधी सांगावा, कारण पाचजण पाच दिशांनी ओरडू लागले की चालक नेमका चुकीचा सल्ला ऐकतो. स्पॉटर गाडीकडे तोंड करून उभा असल्यामुळे त्याचे डावे आणि चालकाचे डावे परस्परविरुद्ध असतात. हा घोटाळा टाळण्यासाठी ट्रकचालकांच्या बोलीतले ‘ड्रायव्हर साइड’ आणि ‘क्लीनर साइड’ हे शब्द वापरणे सर्वांत सोयीचे, कारण त्यांचा अर्थ पाहणाऱ्याच्या जागेनुसार बदलत नाही. इंजिनाच्या आवाजात शब्द विरून जात असल्याने हातवारेही ठरवून घ्यावेत : बंद मूठ म्हणजे थांबणे, स्वतःकडे हलणारे तळवे म्हणजे पुढे येणे, आणि बाजूला ताणलेला हात म्हणजे त्या दिशेला स्टिअरिंग फिरवणे. स्पॉटरने चढावर गाडीच्या खालच्या बाजूला आणि दोन गाड्यांच्या मध्ये कधीही उभे राहू नये.

टप्प्यांची रचना

पहिला टप्पा सपाट जमिनीवर बांबूंच्या जोड्या रोवून तयार केलेल्या फाटकांचा असावा. गाडीच्या रुंदीपेक्षा सुमारे साठ सेंटिमीटर जास्त जागा सोडून आणि फाटके नागमोडी मांडून चालकाला लो रेंजच्या पहिल्या गिअरमध्ये, क्लचला पाय न लावता, इंजिनाच्या संथ गतीवर गाडी नेण्यास सांगावे. मागची चाके पुढच्या चाकांपेक्षा वळणाच्या आतून जातात ही गोष्ट येथे बांबू पडल्यावर चालकाला जितकी पटते, तितकी ती व्याख्यानाने पटत नाही.

दुसऱ्या टप्प्यात आडव्या-उभ्या खड्ड्यांची आळीपाळीने रचना करून गाडीची तिरकी चाके उचलली जातील असे पाहावे. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावे लागते म्हणून आसावर ‘डिफरन्शियल’ हा गिअरसंच बसवलेला असतो; मात्र एक चाक हवेत गेले की ते मोकाट फिरू लागते आणि जमिनीवरच्या चाकाला पुरेसा जोर मिळत नाही. गुरखामध्ये पुढच्या आणि मागच्या आसाचे डिफरन्शियल चालकाला स्वतः बंद करता येते. इतर अनेक गाड्यांत फिरणाऱ्या चाकाला आपोआप ब्रेक लावून शक्ती दुसरीकडे वळवणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते, आणि नवशिक्याची चूक येथेच होते : चाक फिरल्याचा आवाज येताच तो ॲक्सिलरेटर सोडतो, त्यामुळे यंत्रणेला काम करण्याची संधीच मिळत नाही. पाय हलका पण स्थिर ठेवल्यास क्षणभर खरखर ऐकू येते, मग पकड येते आणि गाडी पुढे सरकते. तो क्षणभराचा धीर हाच या टप्प्याचा धडा होय.

तिसरा टप्पा चढ-उताराचा. सुरुवातीला वीस अंशांपर्यंतचा, म्हणजे शंभर मीटरला सुमारे छत्तीस मीटर उंची गाठणारा, मुरमाड चढ पुरेसा असतो. चालकाच्या आसनावरून तो प्रत्यक्षापेक्षा बराच तीव्र भासतो. चढ नेहमी सरळ घ्यावा, कारण तिरके जाणाऱ्या गाडीचा भार खालच्या बाजूच्या चाकांवर येऊन ती उलटू शकते. चढ यशस्वी करण्यापेक्षा फसलेला चढ सोडून देण्याचा सराव अधिक मोलाचा आहे : ब्रेक दाबून गाडी थांबवावी, रिव्हर्स गिअर टाकावा, क्लच पूर्ण सोडून इंजिनाच्या रोधावर, मागे पाहत, सरळ खाली यावे. गाडी न्यूट्रलमध्ये सोडणे किंवा अर्ध्या चढावर वळवण्याचा प्रयत्न करणे, ही उलटण्याची दोन नेहमीची कारणे आहेत. उतरतानाही लो रेंजचा पहिला गिअर आणि इंजिनाचा रोध यांवर भिस्त ठेवावी. उतारावरचा वेग आपोआप आवरणारी सोय गाडीत असली, तरी ती बंद ठेवून आधी शिकावे.

चिखलाचा टप्पा लहान ठेवावा. काळी माती टायरच्या खाचांत भरली की टायर गुळगुळीत होतो. अशा वेळी हवेचा दाब रस्त्यावरच्या तीस-पस्तीस पीएसआयवरून अठरा-वीसपर्यंत उतरवल्यास टायरचा जमिनीला टेकलेला भाग लांबतो आणि पकड सुधारते. पंधराच्या खाली मात्र जाऊ नये, कारण वळताना टायर रिमवरून निसटू शकतो. गाडी पुढे सरकेनाशी झाली की ताबडतोब थांबावे. चाके फिरवत राहिल्यास ती स्वतःखालचीच माती उकरतात.

पाण्याचा टप्पा पहिल्या उपक्रमात नसला तरी चालेल. थारसाठी कंपनीने ६५० मिलिमीटर आणि गुरखासाठी ७०० मिलिमीटर खोलीची मर्यादा दिली असली, तरी ती संथ पाण्यासाठी आणि कमी वेगासाठी समजावी. पाण्यात उतरण्यापूर्वी काठीने तळ चाचपत पायी जाऊन यावे; पाण्यातील वेग चालण्याइतकाच आणि एकसारखा ठेवावा. इंजिन पाण्यात बंद पडल्यास पुन्हा सुरू करू नये, कारण हवेच्या मार्गाने शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि त्याने इंजिनाचे कनेक्टिंग रॉड वाकतात.

रुतलेली गाडी काढताना

दिवसभरातला सर्वांत मोठा धोका अडथळ्यांत नसून दोरात असतो. रुतलेल्या गाडीला दोर बांधण्याआधी फावड्याने चाकांपुढची माती काढावी आणि हवेचा दाब कमी करावा. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. ओढायचेच असल्यास ताणल्यावर लांबणारा खास पट्टा किंवा दोर आणि भारक्षमता छापलेले शॅकल, म्हणजे दोर जोडण्याच्या कड्या, वापरावेत. साखळी किंवा रस्त्यावर मिळणारी पोलादी तार झटक्याने तुटल्यास ती गोफणीतून सुटल्यासारखी उडते. ट्रेलर जोडण्यासाठीच्या गोळ्याला दोर कधीही अडकवू नये. दोराच्या मध्यावर जाड घोंगडी टाकावी, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरापर्यंत दोन्ही चालकांखेरीज कोणालाही उभे राहू देऊ नये. मोबाइलवर चित्रण करणारे प्रेक्षक नेमके दोराच्या रेषेत येतात, म्हणून त्यांच्यासाठी चुन्याची रेघ आखून एका सभासदाला तेवढ्याच कामासाठी नेमावे. प्रथमोपचार पेटी, अग्निशामक नळकांडे, १०८ रुग्णवाहिकेसाठी जागेचे नेमके वर्णन लिहिलेला कागद आणि जवळच्या रुग्णालयापर्यंतचा मोकळा रस्ता, या गोष्टी पहिली गाडी सुरू होण्याआधी सिद्ध असाव्यात.

परतीपूर्वी

ज्या गाड्यांत पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी थेट जोडला जातो, त्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांच्या शक्तीवर चालवल्यास वळणांवर दोन्ही आसांतील फेऱ्यांचा फरक कोठेही सुटू शकत नाही. स्टिअरिंग जड होते आणि गिअरपेटीवर ताण येतो. म्हणून महामार्गाला लागण्याआधी दांडा दोन चाकांच्या शक्तीवर आणणे आणि टायरमध्ये पुन्हा पूर्ण हवा भरणे, ही दोन कामे प्रत्येक गाडीची एकेक करून तपासावीत. टायरमधला चिखल जागेवरच काढावा, कारण पुणे-नाशिक महामार्गावर गळून पडलेले मातीचे गोळे पाळी संपवून दुचाकीवर घरी निघालेल्या कामगाराला घसरवू शकतात. गाड्या इंद्रायणी किंवा भामा नदीच्या पात्रात धुऊ नयेत. जमिनीवर पडलेल्या चाकोऱ्या फावड्याने बुजवून आणि मालकाला जागा दाखवूनच निघावे. पुढच्या वर्षीची संमती याच कामावर ठरते.

उपक्रमाचे मूल्यमापन करताना कोणी किती अडथळे पार केले याची नोंद ठेवण्यापेक्षा, प्रत्येक चालकाने कोणता अडथळा पाहून नाकारला, कोणता अर्ध्यावर सोडला आणि त्यामागे काय विचार केला, याची नोंद अधिक उपयोगी पडते. पहिल्या वर्षी फाटके, तिरके खड्डे आणि एकच चढ-उतार एवढ्यावर थांबून, या नोंदींच्या आधारे चिखल आणि पाण्याचे टप्पे दुसऱ्या वर्षी जोडणारा क्लब सभासदांना टिकाऊ कौशल्य देतो. कारण सह्याद्रीच्या एखाद्या आडवाटेवर, सोबत स्पॉटर नसताना, चालकाला गाडीची कमाल क्षमता क्वचितच लागते, पण कोठे थांबावे आणि कसे मागे यावे हे मात्र प्रत्येक वेळी ठाऊक असावे लागते.